आईकडचं रक्त

११ फेब्रुवारी

तविया,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते राहून गेलेलं नाही. कॉन्व्हेंटमध्ये मदर इग्नेशियस आम्हाला सांगायच्या की पत्राच्या मायन्यात खोटं लिहू नये. खाली कितीही खरं लिहिलं तरी वाचणारा मायन्यालाच धरून बसतो.

तुझा भाऊ ओबेंग आजारी आहे. तुला कळलं असेलच, कारण तुझा मेहुणा इथल्या बाजारात प्रत्येक टपरीवर थांबून सांगतो आहे, "नदीचे पाय लांब असतात." मी भाजी घेत होते. मी त्याला म्हटलं, "नदीचे पाय लांब असतील, तुझी जीभ तिच्याहून लांब आहे." तो हसला. हल्ली माणसं मास्तरणीला घाबरत नाहीत. माझ्या निवृत्तीचा हा एक तोटा.

तुझ्यापर्यंत जे पोचलं असेल त्यात मीठमसाला असणार, म्हणून जे आहे ते लिहिते. कोकोच्या शेंगा फोडायच्या दिवसांत त्याला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. कोयता उचलताना लचक भरली असेल म्हणून त्याच्या कोनादूने मलम चोळलं. मग जेवण सुटलं. फूफूचे दोन घास घेतले की म्हणायचा, पोट भरलं. नाताळात चर्चच्या गायकवृंदात उभा राहिला तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती आणि पोट मात्र सदऱ्याची बटणं ताणत होतं. हातपाय काडीसारखे आणि पोट हंड्यासारखं. बरगडीखाली हात ठेवला तर आत दगडासारखं काहीतरी लागतं. मी ठेवून पाहिला आहे.

हे पोट पाहून गावाला काय आठवलं ते मी तुला सांगायला नको. मामाच्या शेताच्या भांडणात तू असुबिरी नदीच्या काठी उभा राहिलास, अंडी फोडलीस, श्नॅप्स दारूची बाटली पाण्यात ओतलीस आणि म्हणालास, "बांध ज्याने सरकवला त्याच्या पोटात ही नदी शिरो. आणि मी खोटं बोलत असेन तर माझ्या पोटात शिरो." बाप्तिस्मा झालेला माणूस. बंदरात क्रेन चालवणारा.

ओबेंगने बांध सरकवलेला नाही. हे एकदाच लिहिते.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर लार्ती आहेत. त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली, रक्त काढलं. त्याच्या यकृतात कर्करोग आहे. दुसरीकडून पसरत आलेला नाही, तिथेच जन्मलेला. त्याचं मूळ रक्तातल्या एका विषाणूत आहे, हिपॅटायटिस बी म्हणतात तो. तो बहुधा जन्मताना आईच्या रक्तातून येतो आणि चाळीस-पन्नास वर्षं चोरासारखा गप्प बसतो. डॉक्टरांनी विचारलं, "आई एकच असलेली भावंडं किती?" मी म्हटलं, "जिवंत तीन." ते म्हणाले, "तिघांचं रक्त बघायला हवं."

कोनादूचं रक्त साफ निघालं, मुलांचंही. म्हाताऱ्या मास्तरणीच्या अंगात रक्त कमी आणि लाल शाई जास्त, तेव्हा माझं सोड. तुझं राहिलं आहे. तुझ्या ताकोराडीत इस्पितळं आहेत. जा आणि तपासून घे. एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

पर्पेचुआ


९ मार्च

तविया,

तुझं पत्र मिळालं. साडेतीन ओळी आणि त्यात व्याकरणाच्या चार चुका. त्या तशाच सोडून देते.

तू लिहितोस, "माझं रक्त साफ आहे, कारण मी नदीपाशी खोटं बोललो नाही." आणि शेवटी, जिथे माणूस खरं बोलून जातो तिथे: "माझ्या रक्तात काही निघालं तर लोक काय म्हणतील?"

काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. म्हणतील, तवियाच खोटं बोलला, नदी उलटली. आणि तेच त्या लार्तीच्या भाषेत नुसतं दुखणं ठरलं, तर तुझी अंडी फुकट गेली, नदीने तुझं कधी ऐकलंच नव्हतं आणि शेताचा वाद जिथे होता तिथेच राहिला. म्हणजे तपासलं तरी तू हरतोस. म्हणून तपासायचं नाही. वा. लहानपणी परीक्षेचा निकाल बघायला जायचा नाहीस, तसं. नापास झालेलं पोर घरी बसलं म्हणून पास होत नाही, हे मी तेव्हाही तुला सांगितलं होतं.

इथलं ऐक. पोट इतकं ताणलं की त्याला श्वास पुरेना. डॉक्टरांनी सुई घालून पाणी काढलं. बादली भरत आली. पिवळसर पाणी, पातळ केलेल्या बिअरसारखं. ओबेंग त्या बादलीकडे बघत होता. म्हणाला, "ताई, आपण लहानपणी पोहायचो तिथलं पाणी अस्संच होतं गं."

मी म्हटलं, "तिथलं पाणी गढूळ होतं. हे तुझं आहे."

पोट उतरलं. तो बसून जेवला, कोनादूची थट्टासुद्धा केली: "बघ, पुन्हा लग्नाच्या वेळचा झालो. आता सांभाळ, पळून जाईन." ती म्हणाली, "पळा की. लंगोट बांधायला तरी मलाच हाक माराल."

आठवडाभरात पोट पुन्हा भरलं.

डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं की भरणार. यकृत दगड झालं की पाणी झिरपतच राहतं. पण ओबेंगने पोटावर हात ठेवला आणि इतक्या शांतपणे म्हणाला की मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "बघितलंस? बादलीने नदी उपसते का कधी? ती परत आली." त्यानंतर तो सुईला हात लावू देत नाही. माणूस नदीचं पाणी चोरतो म्हणून ती आणखी चिडते, असं त्याचं म्हणणं. गावातले शहाणे येऊन मान डोलावून जातात.

मामा आठवतो? तोही असाच गेला, याच पोटाने. तेव्हा नदी नव्हती, तेव्हा मामी होती. तिने सूपात विष घातलं म्हणून बाया तिच्या दारावर थुंकल्या आणि ती बिचारी माहेरी निघून गेली ती गेलीच. मग आपली मधली बहीण अदोमा. तिला काय, तर चर्चमधल्या कुणाची दृष्ट. आपल्या घरात पोट फुगलं की गुन्हेगार नवा, पोट मात्र तेच. इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी पोरींना गणित शिकवत होते.

आजी, आजीकडून मामा आणि आई, आईकडून आपण. आपल्यात मामाचं शेत भाच्याला येतं, कारण रक्त आईचं. बापाकडून माणसाला नाव मिळतं, रक्त मिळत नाही, हे तूच त्या भांडणात ओरडून सांगत होतास. बरोबर सांगत होतास. शेत ज्या वाटेने आलं त्याच वाटेने हेही आलं आहे. शेतातला वाटा मागायला तू नदीपर्यंत गेलास. हा वाटा न मागता मिळतो. तुझ्याकडे आहे की नाही, एवढंच बघायचं आहे.

रक्त तपास.

पर्पेचुआ


२ एप्रिल

तविया,

ओबेंगचे डोळे पिवळे झाले आहेत. पिकल्या केळ्याच्या सालीसारखे. अंगाला खाज सुटते. कोनादू मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाने त्याची पाठ घासते. दिवसा झोपतो आणि मधेच उठून मामाशी बोलतो. परवा मला "मॅडम" म्हणाला आणि बाकावर उभं राहण्याची परवानगी मागू लागला.

मी डॉक्टरांना सरळ विचारलं. म्हटलं, मला गोळी साखरेत बुडवून देऊ नका. ते म्हणाले, "मॅडम, असं पोट घेऊन आलेले बहुतेक जण मला पुढच्या पावसात भेटत नाहीत. गाठ कापली तर मागे उरायला यकृताचा चांगला तुकडाच नसतो. औषधं आहेत, ती थोडे आठवडे ढकलतात, आणि तीही या अवस्थेत झेपत नाहीत."

"आणि आधी आला असता तर?"

"गाठ लिंबाएवढी असताना सापडली तर कापता येते, जाळता येते. अशी माणसं वर्षानुवर्षं जगतात. माझ्याकडे एक बाई आहेत, दर सहा महिन्यांनी येतात आणि माझ्या शर्टाला नावं ठेवून जातात." मग चष्मा पुसत म्हणाले, "पण लिंबाएवढी गाठ दुखत नाही. आणि दुखल्याशिवाय आपल्याकडे कोण येतं?"

आणखी एक विचारलं त्यांनी. घरात शेंगदाणे कसे निवडायचात? मी सांगितलं, सगळे निवडतात तसेच. टपोरे बाजारात, काळे-सुरकुतलेले घरच्या सूपात. आई म्हणायची, वाटले की काळे-गोरे सगळे सारखेच. ते म्हणाले, त्या काळ्यांमधली बुरशी यकृताला खाते आणि विषाणूचं काम सोपं करते. मी घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून राहिले. ती दुसऱ्यांच्या पोरांना चांगले दाणे विकत होती, तविया. आपल्या फीसाठी.

आता मुद्दा. हे लिहायला मला पाऊण दिवस लागला आहे.

ओबेंगने बांधावरची झाडं हलवली होती. दोनच, वरच्या अंगाला, ओढ्याजवळची. मामा गेल्यावर पहिल्या पावसात उपटून तुझ्या बाजूला आत लावली. फेब्रुवारीत मी तुला लिहिलं ते खोटं होतं आणि लिहिताना मला माहीत होतं. तुझ्या हातात काठी द्यायची नव्हती, म्हणून लिहिलं.

घे आता काठी. पण मारण्याआधी हे ऐक. बांध कोरणाऱ्यांची पोटं फुगायची असती तर या जिल्ह्यात एकाही शेतकऱ्याला पट्टा लावता आला नसता. पाद्रीबाबांनासुद्धा नाही.

तो मात्र हे मानत नाही. शुद्धीवर असतो तेव्हा एकच धरून बसतो. "तवियाला बोलाव. त्याने टाकलेला शाप त्यालाच उचलता येतो. मी झाडं परत लावतो म्हणावं." काल तर अंगावर कापड ओढून शेतात निघाला, झाडं हलवायला. उंबऱ्यातच पडला.

तेव्हा मी, जी आयुष्यभर या अंड्यांना आणि बाटल्यांना हसले, ती तुला लिहिते आहे: ये. नदीवर चल. मेंढा लागतो तो मी आणते, अंडी मी आणते, श्नॅप्स तुझ्या आवडीची आणते. पुजाऱ्यासमोर उभं राहून म्हण की तू सोडलंस. त्याने यकृत बरं होणार नाही, हे मला कळतं. मला काही म्हातारचळ लागलेला नाही. पण तो जे मरण मरतो आहे ते एका अपराध्याचं आहे, आणि दोन झाडांसाठी ते फार आहे.

मदर इग्नेशियस वरून बघत असतील तर बघू देत.

आणि येण्याआधी रक्त तपास.

पर्पेचुआ


१७ मे

तविया,

तू आला नाहीस. फोन घेतला नाहीस. तुझ्या बायकोने उचलला आणि म्हणाली, "ते कामावर आहेत, ताई." तू मागच्या वर्षीच काम सोडलंस ते मला माहीत आहे. का सोडलंस, तेवढं माहीत नव्हतं. तिने सांगितलं. दमायला होतं म्हणे.

ओबेंग गुरुवारी दुपारी गेला. सकाळी रक्ताची उलटी झाली, काळी, कॉफीच्या गाळासारखी. मग गुंगी आली. कोनादू त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याची आवडती भजनं चुकीच्या सुरात म्हणत होती. ती नेहमीच बेसूर. त्याने डोळे न उघडता म्हटलं, "वरच्या पट्टीत घे." तेवढंच. नाव घेतलं नाही कोणाचं. तुझंही नाही. हे तुला बोचावं म्हणून लिहिते.

मग कुळाची बैठक बसली. कुळप्रमुख ब्राफो आजोबा खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "नदीने नेलेल्याला अंगणात ठेवता येत नाही. मागच्या दाराने न्यायचा. गाणी नाहीत, ढोल नाहीत. रीत आहे."

कोनादूने गायकवृंदाचा त्याचा झगा, जो ती इस्त्री करत होती, तो घडी घालून खाली ठेवला. ते बघून मी उभी राहिले.

"बस, मास्तरीणबाई," कोणीतरी म्हणालं. "हा वर्ग नाही."

"वर्ग असता तर तुला केव्हाच बाहेर काढला असता," मी म्हटलं. "ब्राफो आजोबा, ओबेंगच्या रक्तात जे होतं तेच माझ्या रक्तात आहे. डॉक्टरांनी फेब्रुवारीत सांगितलं. आता मला सांगा, माझ्या नावावर कोकोचं एक झाड तरी आहे का? मी कोणाचा बांध कोरला? माझ्यासाठी कोणी अंडी फोडली? नाव सांगा, मी त्याच्या घरी जाऊन पावती मागते."

हो, तविया. शाईचा विनोद केला होता तो त्यासाठी. माझं रक्त साफ नाही. रोज एक गोळी घेते, दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायची. अजून गाठ नाही. त्या शर्टाला नावं ठेवणाऱ्या बाईंच्या शेजारच्या बाकावर बसते. शर्ट खरंच वाईट असतात.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "नदी एखाद्या वेळी चुकीच्या घरात शिरत असेल." काही जण हसले. कोनादूसुद्धा हसली आणि तोंडावर कापड धरून रडायला लागली.

मी आजोबांना म्हटलं, "मामाला मामीने मारलं नाही. अदोमाला दृष्ट लागली नाही. याला नदीने नेलं नाही. आपल्या आजीच्या रक्तातून हे चालत आलं आहे आणि इथे बसलेल्या निम्म्यांची ती आजी किंवा पणजी आहे. मागचं दार रुंद करून घ्या. बरेच जण जायचे आहेत तिथून. नाहीतर उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चला."

आजोबांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. शेवटी म्हणाले, "पुढच्या दाराने न्या. गाणी म्हणा." आणि थोडं थांबून, "मेंढाही कापा. दोन्हीकडचं राहू दे." म्हातारा वकील व्हायला हवा होता.

तर पुढच्या दाराने गेला. झगा घालून गेला. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या गाडीत कुळातले फक्त चौघे चढले, आणि त्यात एक आजोबा स्वतः.

मी तुला शिक्षा म्हणून हे सांगत नाही. आपल्या भावंडांत तू आता एकटा उरलास, ज्याचं रक्त माहीत नाही. शेत आता तुझं आहे, रीतीप्रमाणे. दोन झाडं कोनादूच्या थोरल्याने परत जुन्या जागी लावली. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. बघायला ये.

रक्त तपास, तविया. मी याहून साधी विनवणी करू शकत नाही, आणि याहून मोठा आवाज माझ्या पेनात नाही.

पर्पेचुआ


२१ जुलै

प्रिय तविया,

तुझ्या लेकीने फोन केला होता. तुझं पत्र त्यानंतर आलं. गाठ एक नाही, अनेक आहेत, आणि मोठी रक्तवाहिनी बुजली आहे, हे तिने मला रडत सांगितलं. तू तेच तीन शब्दांत लिहिलंस. यावेळी व्याकरणाची चूक नाही. असती तर बरं वाटलं असतं.

लेकींनी तपासलं, दोघींचं रक्त साफ आहे आणि दोघींनी लस घेतली. हे मी आधी लिहिते, कारण याच्यानंतरचं मला नीट लिहिता येणार नाही.

तू विचारतोस, "ताई, माझ्यावर कोणी अंडी फोडली? कोनादूने?"

पत्र आलं तेव्हा कोनादू माझ्याकडेच होती, कच्ची केळी सोलत. म्हणाली, "तवियाभाऊजींचं ना? काय म्हणतात?" मी खोटं बोलणार होते. फेब्रुवारीत बोलले होते, त्याने काय झालं ते पाहिलं. म्हणून वाचून दाखवलं.

तिने सुरी थांबवली नाही. म्हणाली, "अंडी? अंडी मी यांना उकडून घालत होते. शेवटी शेवटी तेवढंच पोटात राहायचं." आणखी एक केळं सोललं. मग म्हणाली, "त्यांना डाव्या कुशीवर झोपवतात का? पाठीशी उशी कुठे द्यायची ते त्यांच्या बायकोला माहीत नसेल. चुकीच्या जागी दिली तर श्वास कोंडतो."

मी तुझं पत्र घडी घालून ठेवलं.

"आणि खाज," ती म्हणाली. "कणसाचं बुरकुंड लागतं. शहरात कुठलं मिळायला."

तविया, तुझ्यावर कोणी अंडी फोडली नाहीत. तू खोटं बोलला नव्हतास, झाडं खरंच हलली होती. तरीही तुझं पोट फुगतं आहे. ओबेंग खोटा होता, त्याचंही फुगलं. मी दोन्हीकडे नव्हते, तरी माझ्या रक्तात आहे. नदीला आपल्यापैकी कोणाचंच काही ठाऊक नाही. ती नुसती वाहते. तुला नावच हवं असेल तर आईचं घे. तिने आपल्याला जन्म देताना जे होतं ते सगळं दिलं. त्यात काय काय होतं ते तिला कधी कळलं नाही. तिच्यावर रागवायचं असेल तर आधी मला विचार, मी रागवून पाहिलं आहे. राग कुठे टिकत नाही, घसरतो.

लवकर का नाही तपासलंस, असं मी विचारणार नाही. चार पत्रांत विचारून झालं.

कोनादूने बुरकुंडं पिशवीत भरली आहेत, जुनी मऊ कापडं फाडून घड्या केल्या आहेत, उशी घेतली आहे. ओबेंगचीच. तुला चालणार नसेल तर सांग. नाही, सांगू नकोस, तिने गाठोडं बांधलं आहे. अंडी मात्र ताकोराडीतच घेऊ म्हणते, प्रवासात फुटतात.

शुक्रवारच्या गाडीने आम्ही दोघी येतो आहोत. ती दारात उभी राहिली की तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. काही म्हणू नकोस. डाव्या कुशीवर हो, बाकी तिला येतं.

तुझी
ताई